मागच्या गेटवरच्या सहा जणी

चादरीची घडी एकटीने घालता येत नाही. म्हणजे घरी येते, लॉन्ड्रीत येत नाही. लॉन्ड्रीत दोघी समोरासमोर उभ्या राहतात, चार कोपरे चार हातांत धरतात, झटका देऊन कापड ताणतात आणि मधोमध दुमडून एकमेकींच्या दिशेने चालत येतात. मग एकीने आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे आणि वाकून खाली लोंबणारी दुमड उचलायची. दिवसाला पाचशे चादरी, बहुतेक हॉस्पिटलच्या. त्यामुळे जिचं तोंड बघायची इच्छा नाही, तिच्या नाकासमोर दिवसातून पाचशे वेळा जाऊन उभं राहावं लागतं. काटकोनच्या नशिबी गेलं वर्षभर हेच आलं होतं.

काटकोन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तिच्या घडीचे कोपरे इतके नेमके जुळायचे की मुकादमाने एकदा सुताराकडून काटकोन मापायचा गुण्या मागून आणला आणि लावून बघितला. कोपरा बरोबर निघाला, मुकादमाचं तोंड एवढंसं झालं आणि बाईला कायमचं नाव चिकटलं. तिच्या समोर उभी राहणारी ती भोंगा. इस्त्रीच्या रोलरच्या घरघरीवर आवाज चढवून तिने नुसतं ‘चहा’ म्हटलं तरी गेटवरचा पहारेकरी कप शोधायला लागायचा. युनियनचं काम तिच्याकडे आलं ते आवाजामुळे आणि टिकलं ते हट्टामुळे. आता ती अध्यक्षपदाला उभी होती.

चौदा वर्षांची जोडी. भोंग्याचा नवरा तिला टाकून गेला तेव्हा ती दोन महिने काटकोनच्या घरी जमिनीवर अंथरूण टाकून झोपली होती. काटकोनचा नवरा तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला भाऊजी. लॉन्ड्रीतल्या बॉयलरवर तो कामाला होता. दोघींच्या आयुष्यात मिळून त्यातल्या त्यात धड असा तेवढा एकच पुरुष होता, असं भोंगाच म्हणायची आणि काटकोन तिला लटक्या रागाने टॉवेल फेकून मारायची.

आता टॉवेल नाही, बोलणंही नाही. “ताण”, “सोड”, “डाग आहे, बाजूला टाक” एवढंच. आणि वर टेबलाशेजारच्या खांबावर पोस्टर. त्यात बॉयलरवाल्याचा फोटो, त्याच्या शेजारी भोंग्याचा, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘हुतात्म्याचं रक्त वाया जाऊ देणार नाही’. फोटो लेकीच्या वाढदिवसाचा होता. काटकोनला कापून काढली होती, पण तिचा हात नवऱ्याच्या खांद्यावर होता, त्यातली चार बोटं पोस्टरवर राहून गेली होती. ती बोटं दिसली की काटकोनच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कारण हुतात्मा-बितात्मा काही नव्हता तो. हे काटकोनला माहीत होतं, आणि तिच्या समजुतीप्रमाणे जगात फक्त तिलाच माहीत होतं.

वर्षापूर्वीचा तो संप वाफेवरून झाला. धुलाईच्या हॉलच्या खिडक्या मालकाने खिळे ठोकून बंद केल्या होत्या. बायका भोवळ येऊन पडत, आणि मुकादम त्यांच्या तोंडावर पाणी मारून पुन्हा उभ्या करी. भोंग्याने सगळ्यांना बाहेर काढलं. पुढच्या गेटवर सभा आणि मागच्या गेटवर सहा जणींचा पहारा, म्हणजे कोणी फितूर चोरून आत जाऊ नये. तेविसाव्या दिवशी काटकोनच्या घरातलं होतं नव्हतं ते संपलं. घरमालक दाराशी येऊन जे बोलायचं ते बोलून गेला. तो गेल्यावर काटकोन नवऱ्याला म्हणाली, “उद्या तुम्ही आत जा. बॉयलर पेटवायला माणूस नाही, मालक तुम्हाला डोक्यावर घेईल.”

“लोक काय म्हणतील?” तो म्हणाला.

“लोक आपल्याला शिजवून घालतात का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कामाचे कपडे वर्तमानपत्रात गुंडाळून तो मागच्या गेटकडे गेला. मालकाचा ट्रक दुसरीकडे धुवायचे कपडे भरून बाहेर पडत होता. वळणावर त्याने बॉयलरवाल्याला चाकाखाली घेतलं आणि न थांबता निघून गेला. अर्ध्या तासाने एका दूधवाल्याला तो दिसला. संध्याकाळपर्यंत सगळीकडे एकच झालं, की पहाऱ्यावर चाललेल्या कामगाराला मालकाच्या ट्रकने चिरडलं. त्यानंतर आठव्या दिवशी मालक नमला. खिडक्यांचे खिळे निघाले, पंखे लागले. कपड्यांचं पुडकं काही सापडलं नाही. ते ट्रकच्या चाकाबरोबर गेलं असेल असं काटकोनने मनाशी ठरवलं आणि मूग गिळून बसली.

गप्प बसणं सोपं होतं. आपण ज्याला स्वतःच्या तोंडाने बाहेर काढला तो परत आला नाही, हे सहन करणं अवघड होतं. माणसाला अशा वेळी राग काढायला कोणीतरी लागतं आणि भोंगा रोज चार हातांवर उभी होती. संप हिने केला. फोटो हिने लावला. माझा संसार उधळून ही पुढारीण झाली. हे रोज मनात घोळवलं की रात्री थोडी झोप यायची, म्हणून काटकोन ते घोळवत राहिली.

तर त्या आठवड्यात मंगळवारी ऑफिसातल्या बाबूने तिला खिडकीशी बोलावलं. या बाबूचा आवाज इतका गोड की ऐकणाऱ्याने आपसूक खिसा चाचपावा.

“बाई, विम्याचं काय केलंत?”

“कसला विमा?”

“कामावर येता-जाता माणूस दगावला तर घरच्यांना मिळतो तो. वर्षाची मुदत असते. तुमची शनिवारी दुपारी बाराला संपते.” त्याने चष्म्यावरून बघितलं. “संपावरच्या माणसाला मिळत नाही. कामावर येत असेल तर मिळतो. येत होता का?”

“काय लागतं त्याला?” काटकोनने विचारलं.

“एक साक्षीदार लागेल. मालकाच्या बाजूचा माणूस चालत नाही, नातेवाईक चालत नाही, कामगारच हवा. तो कामावर येत होता आणि हे मला कसं माहीत, एवढं त्याने लिहून द्यायचं.”

“आणि ह्यात तुमचं काय?”

“माझं काय असणार? पैसे विमा कंपनीचे. साहेबांना फक्त बरं वाटेल. अर्जाची एक प्रत नोटीस बोर्डावर लावू म्हणाले.” एवढं बोलून त्याने अर्ज खिडकीखालून सरकवला.

काटकोन काही दुधखुळी नव्हती. सोमवारी युनियनचं मतदान. त्याआधी हुतात्मा फितूर निघाला की भोंगा तोंडावर आपटणार, आणि अध्यक्षपदी मालकाच्या मांडीवरचा मुकादमाचा मेव्हणा बसणार. वर्षभर झोपलेल्या बाबूला आत्ताच विमा कसा आठवला, हे तिला सांगायला नको होतं. पण अर्ज तिने घेतला. न घेऊन करणार काय?

दोन खोल्यांचं घर सोडून मायलेकी आता एका खोलीत राहायला आल्या होत्या, खाली टायरचं दुकान. पहाटेपासून चाकांवर हातोडे पडायचे आणि भांडी मांडणीवर थरथरायची. लेक एकोणीस वर्षांची. प्रयोगशाळेतल्या तपासणीचं शिक्षण घेत होती, शेवटचं वर्ष. फी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही असं पत्र कॉलेजने दोनदा पाठवलं होतं. स्वतःचे बूट फाटले म्हणून ती बापाचे बूट पुढे कागद कोंबून घालायची. विचारलं तर म्हणायची, आवडतात म्हणून घालते.

अर्ज तिला त्याच संध्याकाळी आईच्या पिशवीत सापडला.

“हे काय आहे? बाबा कामावर चालले होते असं लिहून देणार तू?”

“ठेव ते खाली.”

“म्हणजे बाबा फितूर! पैशासाठी तू बाबांना फितूर करणार?”

“तुझी फी काय झाडाला लागते?”

“मला नको असली फी. तू रोज पंख्याखाली उभी राहतेस ना? कोणामुळे लागला तो पंखा? सगळ्या जणी बाबांचं नाव घेतात, आणि तू, त्यांची बायको…”

खरं उत्तर काटकोनच्या जिभेवर आलं होतं. तुझा बाप जात नव्हता, मी त्याला हाकलला. पण हे बोललं की एवढी एकच उरलेली पोरगीही गेली, हे तिला कळत होतं. भीती वाटली की काटकोनला राग यायचा. सवयच होती ती.

“बापाच्या बुटात पाय घालून माझ्यावर पाय आपटू नकोस,” ती म्हणाली आणि अर्ज हिसकावून घेतला. मग दोघी एकमेकींकडे पाठ करून जेवल्या.

कामगारांत साक्ष देणारं होतं कोण? त्या सकाळी तिथे कोणीच नव्हतं. दोन दिवस काटकोनने डोकं खाजवलं आणि गुरुवारी सरळ भोंग्यालाच धरलं. तिच्या सहीवर विमावाले शंका घेणार नाहीत, कारण हुतात्म्याच्या नावावर तीच जगत होती. शिवाय वर्षभराचं देणं होतं तिच्याकडे. निदान काटकोनचं गणित असं होतं.

“सही हवीय,” चादर ताणता ताणता ती म्हणाली.

“कसली?”

काटकोनने दुमड उचलली, कोपरे जुळवले, चादर गठ्ठ्यावर टाकली आणि अर्ज त्या गठ्ठ्यावर ठेवला. भोंग्याने पुढची चादर ओढता ओढता तो वाचला. तिचा चेहरा लालभडक झाला.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मी भाऊजींना हुतात्मा केलं आणि तू त्यांना फितूर करायला निघालीस? आणि तेही सोमवारच्या तोंडावर?”

“तू केलंस? मेले ते, तू पोस्टर केलंस. माझी बोटंसुद्धा सोडली नाहीस.”

“हळू बोल.”

“भोंग्याने मला हळू बोल सांगावं! माझ्या पोरीला परीक्षेला बसायचंय. तुझ्या हुतात्म्याने तिची फी भरली का? युनियनने भरली? वर्षभर कोणी माझ्या घरात चूल पेटते का बघायला आलं?”

“मी दोनदा आले. तू दार उघडलं नाहीस.”

“उघडणारच नव्हते.”

आजूबाजूच्या टेबलांवर हात मंदावले. मुकादमाने लांबून मान उंच केली. दोघींनी चादर उचलली, ताणली. भोंगा दात आवळून म्हणाली, “मी कसली साक्ष देऊ? मी काय तिथे होते?”

“तू नव्हतीस. कोणीच नव्हतं,” काटकोन म्हणाली. आणि वर्षभर जे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं ते तिच्या तोंडून निघून गेलं. “रोज सहा जणी असायच्या मागच्या गेटवर. डोळ्यांत तेल घालून बसायच्या. त्याच दिवशी का नव्हत्या गं?”

भोंग्याच्या हातून चादर सुटली.

हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. हातातलं कापड पडलं, त्यात एवढं काय? पण घडीच्या टेबलावर समोरची टोक सोडत नाही. ताप असो, हात भाजलेला असो, घरी मढं पडलेलं असो, टोक सुटत नाही. चौदा वर्षांत भोंग्याने कधी सोडलं नव्हतं. चादर ओल्या फरशीवर पडली आणि काटकोनच्या हातात तिचे दोन कोपरे तेवढे राहिले.

“का नव्हत्या?” काटकोनने पुन्हा विचारलं.

भोंगा चादर उचलायला वाकली आणि वाकलेल्या अवस्थेतच बोलली. तिचा एवढा लहान आवाज काटकोनने आयुष्यात ऐकला नव्हता.

“आदल्या संध्याकाळी भाऊजी आले होते माझ्याकडे. म्हणाले, ताई, उद्या मला आत जावं लागतंय, घरात काही नाही. तुझं नाव नाही घेतलं. म्हणाले, बायकांनी मला तिथे पकडलं तर पोरीला तोंड दाखवता येणार नाही. मी काय करणार होते? त्यांच्या घरात मी दोन महिने झोपलेय. मी पहाटेच सहाही जणींना पुढच्या गेटवर बोलावून घेतलं. पोलीस येणार आहेत अशी थाप मारली.”

“आणि पुडकं?”

“मी उचललं. दूधवाल्याने कळवल्यावर पहिली मीच पोचले. पुडकं राहिलं असतं तर त्याच दिवशी सगळ्यांना कळलं असतं.”

“अर्धा तास पडले होते ते,” काटकोन म्हणाली.

“माहीत आहे मला.”

“सहा जणी असत्या तर…”

“माहीत आहे म्हटलं ना!” भोंगा ओरडली. आता तिचा आवाज परत आला होता आणि सगळा हॉल वळून बघत होता. तिने अर्ज उचलून एप्रनच्या खिशात कोंबला. “सोमवारी मतदान होऊ दे. मंगळवारी सही करते.”

“शनिवारी बाराला मुदत संपते.”

“मग मी काय करू?”

“मर तू,” काटकोन म्हणाली.

शुक्रवारी मुकादमाने दोघींना वेगवेगळ्या टेबलांवर टाकलं. काटकोनच्या समोर एक नवी बाई आली. तिच्या कोपऱ्यांना ना शेंडा ना बुडखा. दिवसभर अर्ज परत मागायला जावं असं काटकोनला वाटत होतं, पण मागितला तरी सही कोणाची आणणार? शिवाय भोंग्यासमोर जाऊन हात पसरायचा, हे तिला मरणाहून जड झालं होतं. ती गेली नाही. रात्रभर तिला एकच हिशेब पडला होता. मी त्यांना घराबाहेर काढलं आणि हिने त्यांच्यासाठी रस्ता मोकळा केला. दोघींनी मिळून केलं. पण फोटोखाली नाव हिचं, आणि रिकामी खोली माझी.

शनिवारी सकाळी दहाला पुढच्या गेटवर सभा होती. बॉयलरवाल्याला जाऊन वर्ष झालं म्हणून. टेबलं जोडून मंच केला होता, मागे फोटो आता भिंतभर मोठा. सगळ्या पाळ्यांच्या बायका जमल्या होत्या. लेक पहिल्या रांगेत बसली होती, तेच बूट घालून. काटकोनने दोन ओळी बोलायच्या असं महिन्यापूर्वीच ठरलं होतं. भोंग्याने लिहून दिलेल्या ओळी होत्या, माझ्या नवऱ्याचं स्वप्न पूर्ण करा वगैरे.

काटकोन मंचाच्या पायरीशी आली तेव्हा भोंग्याने तिचा दंड धरला. घट्ट धरला. इकडेतिकडे बघून, ओठ न हलवता ती कानाशी पुटपुटली, “तुझं काम झालंय. आता गुमान दोन ओळी बोल आणि खाली उतर.”

काटकोनच्या कानांतून वाफ गेली. काम झालंय! म्हणजे वर्षभर नवरा वापरला, फोटो वापरला, माझी बोटंही वापरली, आता काम झालं, चल फूट. दंड सोडवून घेऊन ती वर चढली. माइकसमोर उभी राहिली आणि कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

“माझा नवरा हुतात्मा नव्हता,” ती म्हणाली. “पहाऱ्यावर चालला नव्हता. कामावर चालला होता. तुमचा संप मोडून बॉयलर पेटवायला. त्याचं मन नव्हतं. मी पाठवलं. तो नको म्हणत असताना मी पाठवलं.”

मग कुठूनतरी आवाज आला, “किती मिळाले गं मालकाकडून?” त्यापाठोपाठ दुसरा, तिसरा. लेक उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे काटकोनला बघवेना.

पुढे बसलेली रोलरवरची म्हातारी हात वर करून करून ओरडत होती. अखेर तिचं ऐकू आलं. “अगं पण त्या दिवशी मागच्या गेटवर मी होते! आम्ही सहा जणी होतो! पहाटे आम्हाला पुढच्या गेटवर कोणी पळवलं?”

इथे काटकोनला थांबता आलं असतं. जे सांगायचं ते सांगून झालं होतं, स्वतःचं पाप स्वतःच्या तोंडाने बोलून झालं होतं, आणि पुढचं तिचं नव्हतं. पण दंडावर बोटांचे वळ अजून दुखत होते आणि कानात ते ‘काम झालंय’ होतं.

“ते हिला विचारा,” काटकोन म्हणाली आणि भोंग्याकडे बोट केलं. “गेट हिने रिकामं केलं. त्याला आत जाता यावं म्हणून.”

सगळ्या माना भोंग्याकडे वळल्या. भोंगा माइकपासून दोन पावलांवर उभी होती. एक खोटं वाक्य बोलली असती तर वाचली असती. बाई दुःखाने भ्रमिष्ट झालीय म्हटलं असतं तरी अर्ध्या जणींनी विश्वास ठेवला असता. तिचं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. जिच्या आवाजावर एवढी युनियन उभी होती, ती गप्प राहिली. आणि गप्प राहिली म्हणूनच सगळ्यांना खरं काय ते कळलं.

मग जो गलका झाला त्याला काही ताळतंत्र नव्हतं. कोणी टेबल ओढलं, कोणी फोटोला हात घातला. काटकोन मंचावरून उतरून लेकीला शोधत होती, पण लेक गर्दीतून वाट काढत रस्त्याला लागली होती. आईने हाक मारली, ती वळली नाही. त्या मोठ्या बुटांत तिला पळता येत नव्हतं, तरी ती पळत होती.

गेटवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. काटकोन ऑफिसच्या खिडकीशी गेली. आशेने नव्हे. अर्ज भोंग्याच्या खिशात, सही नाही, मुदत संपत आलेली. ती गेली ती बाबूला शिव्या घालायला, कारण त्या क्षणी शिव्या घालण्याजोगा एवढा एकच माणूस जागेवर सापडणार होता.

“या बाई,” बाबू म्हणाला. “काय भाषण केलंत! इथपर्यंत ऐकू आलं. आता तुम्ही कशाला धावत आलात? अर्ज तर आलाय.”

“कुठे आलाय?”

“सकाळी नऊलाच. तुमची ती भोंगा स्वतः देऊन गेली. साक्ष, सही, सगळं आहे. सोमवारपर्यंत बोर्डावर लावू नका म्हणून हात जोडले तिने माझ्यासमोर. मी म्हटलं, साहेबांना विचारतो.” तो हसला. “आता लावायची गरजच राहिली नाही म्हणा. तुम्हीच बोर्डाचं काम केलंत.”

काटकोनने खिडकीची कड धरली. नऊला. सभा दहाला. तुझं काम झालंय.

अगं, काम झालंय म्हणजे काम झालंय! साध्या मराठीत सांगितलं होतं तिने. भाजी आणली, बिल भरलं, तुझं काम झालं. एवढं सरळ वाक्य, आणि काटकोनला ते सरळ ऐकू आलं नाही, कारण वर्षभर त्या बाईच्या प्रत्येक शब्दात तिने काटा शोधला होता. दोन ओळी बोलून खाली उतरली असती तर पैसे मिळालेच असते, भोंगा दोन दिवस तगली असती, आणि लेकीला खरं काय ते घरी, दार लावून, हळू सांगता आलं असतं.

“दाखवा,” ती म्हणाली.

बाबूने अर्ज काचेला टेकवून धरला. साक्षीदाराच्या रकान्यात भोंग्याचं गिचमिड अक्षर होतं, रकान्यात न मावून कडेने वर चढलेलं. ‘तो कामावर येत होता हे मला माहीत आहे कारण त्याने मला आदल्या दिवशी सांगितलं. त्याला कोणी अडवू नये म्हणून गेटवरच्या सहाही जणींना मी हलवलं. त्या असत्या तर त्याला लगेच उचलला असता. तो अर्धा तास एकटा पडून होता ही चूक माझी आहे, त्याच्या बायकोची नाही.’

“हे शेवटचं कशाला लिहिलं कोण जाणे,” बाबू म्हणाला. “अर्जात विचारलेलंच नाही. पांढरं लावून झाकू का?”

“हात लावलात तर हात उपटून ठेवीन,” काटकोन म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र भांडणाचाच होता. दुसरा आवाज तिला सापडला नाही.

“बरं, राहू दे. पण एक लक्षात ठेवा. सोमवारपासून विम्याचा माणूस चौकशीला येणार. दोघी मैत्रिणी आहेत असं त्याला वाटलं तर साक्ष गेली केराच्या टोपलीत. आज जे झालं ते एका परीने बरंच झालं. आता कोण म्हणेल मैत्रिणी?”

काटकोन धावत पुन्हा गेटवर आली. मंच मोडला होता. भोंग्याला भिंतीशी घेरून पन्नासेक बायका एका सुरात ओरडत होत्या, फितूर, फितूर. हा सूर त्यांना तिनेच शिकवला होता, संपाच्या वेळी. कोणीतरी फेकलेला ओला टॉवेल तिच्या खांद्यावर लटकत होता आणि तो काढायचं तिला सुचत नव्हतं. मुकादमाचा मेव्हणा लांब उभा राहून हुकमाचं पान लागल्यासारखा चेहरा करून बघत होता.

काटकोन गर्दीत घुसली. तिला ओरडून सांगायचं होतं, अगं थांबा, हिने माझ्यासाठी सही केलीय. पण तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की ते सांगायचं म्हणजे हिने गेट रिकामं केलं हेच पुन्हा सांगायचं. भोंग्याच्या बाजूचं एकच खरं वाक्य होतं आणि ते तिला आणखी खाली दाबणारं होतं. म्हणून काही न बोलता काटकोन कोपरं मारत पुढे सरकली आणि भिंतीशी, भोंग्याच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली. खांद्याला खांदा लागला.

भोंग्याने मान वळवली. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत माया-बिया काही नव्हती.

“अर्ज बघितलास?” ती म्हणाली.

“बघितला.”

“मग इथे कशाला तडमडलीस? बाबू मलाही म्हणाला, सोमवारी विमावाला विचारत येईल. ह्या पन्नास जणींनी आपल्याला एकत्र पाहिलं तर पोरीची फी गेली.” तिने काटकोनच्या बरगडीत कोपर मारलं, सगळ्यांना दिसेल इतक्या जोरात. “लांब हो. आणि शिव्या घाल मला. मोठ्याने घाल.”

काटकोन चार पावलं मागे झाली, गर्दीच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि तोंडाला येतील त्या शिव्या घालू लागली.